अमोनियाचा उपग्रही हिशेब: पाच वर्षं वापरून झाल्यावर

अमोनिया मी पंधरा वर्षं बाटलीत पकडत आले. पंप लावायचा, हवा पातळ सल्फ्युरिक आम्लातून बुडबुड करत न्यायची, प्रयोगशाळेत इंडोफेनॉलचा निळा रंग चढवायचा आणि फोटोमीटरवर आकडा वाचायचा. एवढ्या उपद्व्यापानंतर हाती येते ती एका जागची, एका दिवसाची हवा. पंप मध्येच बंद पडला तर तीही नाही. त्यामुळे ८०० किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह हाच वायू मोजतो, तोही रोज दोनदा आणि अख्ख्या पृथ्वीवर, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "बघू."

बघता बघता पाच वर्षं झाली. आता चार शब्द लिहायला हरकत नाही.

ही वस्तू विकत मिळत नाही, फुकट उतरवून घ्यायची असते. मेटॉप उपग्रहांवर 'इयासी' नावाचं अवरक्त उपकरण आहे. त्याच्या मोजणीतून काढलेल्या अमोनियाच्या या नोंदी. उपकरण फ्रान्सच्या सीएनईएस या अवकाश संस्थेनं युमेटसॅट या युरोपीय हवामान-उपग्रह संस्थेच्या साथीनं उभं केलं. त्यातून अमोनियाचा आकडा काढायची रीत ब्रसेल्सच्या विद्यापीठातल्या गटानं पॅरिसच्या लॅटमॉस प्रयोगशाळेबरोबर बसवली. मेटॉप-ए ऑक्टोबर २००६ मध्ये वर गेला, बी सप्टेंबर २०१२ मध्ये, सी नोव्हेंबर २०१८ मध्ये. पैकी 'ए' २०२१ मध्ये निवृत्त झाला. म्हणजे एकाच घाटाच्या तीन उपकरणांची न तुटलेली माळ आपल्याकडे आहे. मला या वस्तूचं कौतुक आहे ते मुख्यतः या माळेचं. जमिनीवर अमोनिया सलग दहा वर्षं मोजणारी केंद्रं जगात फार थोडी, आणि जी आहेत ती युरोप-अमेरिकेत दाटलेली. बाकी जगाचा जुना हिशेब कुठे विचारायला जाणार?

मोजणी होते कशी, ते थोडक्यात. जमीन उष्णता वर फेकते, वाटेतला प्रत्येक वायू त्यातल्या ठरावीक लहरी खातो. अमोनियाचे दात उमटतात ते साधारण १०.५ मायक्रोमीटरच्या आसपास. इयासी प्रत्येक वर्णपट ८४६१ वाहिन्यांत मोडतो आणि एक उपकरण दिवसाला सुमारे १३ लाख वर्णपट घेतं. सुरुवातीच्या पद्धती दोनचार वाहिन्यांतल्या फरकावर चालायच्या. नंतरची पद्धत शेकडो वाहिन्या एकदम बघून ठरवते की अमोनियाचा ठसा किती ठळक आहे. मग हा ठसा, जमिनीचं तापमान, हवेच्या थरांचं तापमान, पाण्याची वाफ असं सगळं एका न्यूरल नेटवर्कला घालतात आणि ते सांगतं: या जागेवरच्या हवेच्या उभ्या खांबात एवढा अमोनिया. लक्षात घ्या, उभ्या खांबात. नाकाच्या उंचीवर नव्हे. माझ्या बाटलीतला आकडा आणि हा आकडा एकमेकांचे नातेवाईक आहेत, जुळे नाहीत.

आता माझी पहिली फजिती. पहिली फाइल उघडली आणि त्यात चक्क ऋण आकडे. माझ्याबरोबर तेव्हा प्रोग्रॅमिंग बघणारा एक मुलगा होता. तो म्हणाला, "ताई, अमोनिया उणे असतो का हो?"

"नसतो," मी म्हटलं, "काढून टाक."

त्यानं एका ओळीत सगळे उणे आकडे उडवले. पुढचे तीन आठवडे आम्ही एका वाळवंटावर वाढत चाललेल्या अमोनियाच्या प्रेमात होतो. जिथे शेत नाही, गोठा नाही, कारखाना नाही, तिथे छान भरीव सरासरी. कारण उघड आहे, पण डोळ्यासमोर असून दिसत नाही. जिथे अमोनिया जवळपास शून्य तिथे उपकरणाच्या खरखरीमुळे आकडे शून्याच्या वर-खाली नाचणार. खालचे तेवढे कापले की उरलेल्यांची सरासरी वरच जाणार. शिवाय उपकरण म्हातारं होतं तशी खरखर थोडी बदलते आणि मग त्या बदलालाच आपण 'कल' म्हणून नाव देतो. आयुष्यभर ब्लँक वाचन, म्हणजे अमोनिया नसलेल्या नमुन्याचा आकडा, वजा करत आलेल्या बाईनं ही चूक करावी याची लाज अजून वाटते. उणे आकडे ठेवायचे. सरासरीत ते आपोआप जिरतात. तुम्ही ही वस्तू आजपासून वापरणार असाल तर एवढं एकच ऐका, बाकी सगळं हळूहळू कळेल.

दुसरी फजिती थोडी जास्त शहाण्या माणसाची होती. या नोंदी दोन चालींत मिळतात: एक ताज्या, उपग्रह गेला की लगेच, दुसऱ्या मागून सगळ्या काळाचं हवामान एकाच पुनर्विश्लेषणातून, म्हणजे जुनं हवामान एकाच पद्धतीनं नव्यानं मांडलेल्या संचातून, घेऊन पुन्हा काढलेल्या. मी हाताशी आल्या म्हणून ताज्या घेतल्या. आलेख काढला तर २०१४ च्या उत्तरार्धात एक सुबक पायरी. अमोनिया एका रात्रीत पायरी चढत नाही. शोधलं तेव्हा कळलं की ताज्या नोंदींना लागणारं तापमान ज्या प्रणालीतून येतं तिची आवृत्तीच तेव्हा बदलली होती. अमोनिया होता तिथेच होता, थर्मामीटर बदललं होतं. दीर्घकाळाचा कल बघायचा तर पुनर्विश्लेषित नोंदीच घ्याव्यात. सध्याच्या आवृत्त्या ईआरए५ या युरोपीय हवामान संचावर चालतात आणि तिथे ही पायरी दिसत नाही. ताज्या नोंदी वणवा पेटलाय, खतांचा हंगाम सुरू झालाय, असल्या कामांना उत्तम. पण त्यांतून दशकाचा कल काढणं म्हणजे दर दोन वर्षांनी मोजपट्टी बदलून मुलाची उंची मोजण्यासारखं.

आणखी एक बारीक सापळा आहे, आणि तो पद्धत करणाऱ्यांनी आधीच ओळखून दुरुस्त केलाय म्हणून त्यांना मानलं पाहिजे. अमोनिया ज्या पट्ट्यात दिसतो तिथेच कार्बन डायऑक्साइडच्याही काही फिक्या रेषा आहेत. कार्बन डायऑक्साइड दरवर्षी वाढतोय. म्हणजे पार्श्वभूमीच सावकाश सरकतेय आणि तिच्या सरकण्याचा संशय अमोनियावर येऊ शकतो. एका दिवसात हे कुणाला कळणारही नाही, पण पंधरा वर्षांत तेवढ्यानं खोटा कल तयार होतो.

मग या सगळ्यातून कल काय निघाला? २००८ ते २०१८ या अकरा वर्षांच्या नोंदींवर ब्रसेल्सच्या गटानंच २०२१ मध्ये हिशेब मांडला: जगाच्या जमिनीवर अमोनिया जवळपास १२.८ टक्क्यांनी वाढला. पूर्व आशियात वाढ वर्षाला ५.८ टक्के, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत सुमारे २.६, उत्तर अमेरिकेत २.४, पश्चिम आणि दक्षिण युरोपात १.९. गंगा-सिंधूच्या मैदानात वाढ आहे. तो पट्टा तर जगाच्या नकाशावर सगळ्यांत गडद, अनेक वर्षांच्या सरासरीत इतका लाल की बाकीचं जग बघायला रंगपट्टी बदलावी लागते. गंमत म्हणजे भारताच्याच नैर्ऋत्य भागात कल उतरता. एकाच देशात दोन दिशा. देशपातळीची एकच सरासरी काढून मोकळे होणाऱ्यांनी हे बघून ठेवावं.

इथे मला खरं जे सांगायचंय ते येतं. खांबातला अमोनिया वाढला म्हणजे जमिनीवरून निघणारा अमोनिया वाढला, असं नाही. हे वाक्य मी प्रत्येक अहवालात पहिल्या पानावर घालते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ते खोडायला सांगतं, कारण त्यानं मथळा बिघडतो.

अमोनिया हवेत फार जगत नाही, काही तास ते काही दिवस. त्याचा मोठा वाटा सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लाला चिकटून अमोनियम सल्फेट, अमोनियम नायट्रेट असे सूक्ष्म कण होतो. हेच कण आपण पीएम २.५ मध्ये मोजतो. आता समजा, कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड कमी केला. चांगलंच झालं. पण मग हवेत सल्फ्युरिक आम्ल कमी बनलं, अमोनियाला चिकटायला जोडीदार उरला नाही आणि तो वायू म्हणूनच भटकत राहिला. इयासीला दिसतो तो वायूच, कण नव्हे. म्हणजे शेतकऱ्यानं एक पोतं जास्त टाकलं नाही तरी खांब भरणार! चीनच्या उत्तर मैदानात नेमकं हे घडलं. सल्फरवर कडक बंधनं आली आणि अमोनिया वर चढला. त्याआधी नासाच्या ॲक्वा उपग्रहावरच्या एअर्स उपकरणाच्या २००२ ते २०१६ च्या नोंदींतून अमेरिका, युरोप आणि चीनमध्ये वाढ दिसली होती, तेव्हाही कारणांच्या यादीत हे होतंच. दुसरं कारण ऊन. तापमान ५ अंशांनी वाढलं की जमिनीतून अमोनिया उडण्याचा जोर जवळपास दुप्पट होतो. म्हणजे खताचं पोतं तेच, उन्हाळा वेगळा, आकडा वेगळा. कल म्हणून जे दिसतं त्यात खत, गोठा, गंधक, ऊन सगळ्यांची खिचडी असते. ती निवडायला मॉडेल लागतं; नुसता नकाशा पुरत नाही.

हा वस्तूचा दोष नाही. पण वस्तूच्या वेष्टनावर हे मोठ्या अक्षरात असायला हवं होतं.

वस्तूच्या खऱ्या उणिवा वेगळ्या आहेत. उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेनऊला आणि रात्री साडेनऊला जातो. सकाळी साडेनऊला जमीन पुरती तापलेली नसते. अमोनिया दिसायला जमीन आणि तिच्या लगतची हवा यांच्या तापमानात फरक लागतो. फरक नसेल तर वायू समोर असून गायब, भिंतीच्याच रंगाचा सदरा घालून भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. रात्रीच्या नोंदी म्हणूनच मी बहुतेक वेळा बाजूला ठेवते. हिवाळ्यात थंड प्रदेशांची हीच गत. ढगांचं तर बोलायलाच नको. ढगाळ पिक्सेल टाकून दिले जातात, त्यामुळे पावसाळी प्रदेशांत महिना-महिना जेमतेम काही दिवस हाती लागतात, आणि तेवढ्यावर 'महिन्याची सरासरी' लिहिताना हात अडखळतो.

एका पिक्सेलची अनिश्चितता १०० टक्क्यांच्या पलीकडेही जाते. पिक्सेलही केवढा, उपग्रहाच्या बरोबर खाली १२ किलोमीटर व्यासाचं वर्तुळ, कडेला आणखी पसरट. एका प्रकल्पात मला विचारलं गेलं, या खत कारखान्याच्या कुंपणाशी काल अमोनिया किती होता? मी म्हटलं, उपग्रहाला कुंपण दिसत नाही आणि 'काल' त्याला नीट सांगता येत नाही. समोरचे गृहस्थ नाराज झाले. मग मी त्यांना दहा वर्षांची सरासरी दाखवली, आणि त्यात त्यांचा कारखाना ठिपक्यासारखा उभा होता. तेव्हा ते जास्त नाराज झाले.

ही किमया मात्र दाद द्यावी अशी. वर्तुळ १२ किलोमीटरचं असलं तरी ते रोज थोडं इकडे, थोडं तिकडे पडतं. दहा वर्षांची वर्तुळं एकमेकांवर रचली की एखाद्या किलोमीटरच्या जाळीचा नकाशा निघतो. त्यावर आणखी एक युक्ती: प्रत्येक दिवसाची मोजणी त्या दिवसाच्या वाऱ्याच्या दिशेनुसार स्रोताभोवती फिरवून सगळे वारे एका दिशेला आणायचे. सगळ्या दिवसांचा धूर मग एकाच बाजूला जातो आणि उगम टोकदार होतो. २०१८ मध्ये याच नोंदींतून ५० किलोमीटरपेक्षा लहान असे २४८ हॉटस्पॉट सापडले: गुरांचे मोठमोठे तळ, खत कारखाने. त्यांतला फक्त एक नैसर्गिक निघाला, टांझानियातलं नेट्रॉन सरोवर. तिथल्या क्षारयुक्त, अल्कली चिखलातून अमोनिया उडतो. आम्लात अमोनिया अडकतो आणि अल्कलीत सुटतो, हे आम्ही शाळेत लिटमसवर शिकलो. सरोवरभर चाललेला तोच प्रयोग अवकाशातून बघताना मला जरा भरूनच आलं होतं. पुढच्या वर्षी वाऱ्याची युक्ती लावून ही यादी ५०० च्या पुढे गेली. आणि २०१८ च्याच पाहणीत असंही निघालं की प्रचलित एडगर उत्सर्जन यादीनं या ठिपक्यांपैकी दोन तृतीयांश ठिपक्यांचं उत्सर्जन निदान दहापटीनं कमी लिहिलेलं आहे. मोठ्या प्रदेशांसाठी ती यादी बरीच जवळ येते, ठिपक्यांवर साफ आपटते.

पण इथेही सावध. खांबावरून उत्सर्जन काढायला अमोनिया हवेत किती वेळ टिकतो हे धरून चालावं लागतं. २०१८ च्या कामात १२ तास धरले होते. नंतर क्रिस (असंच दुसरं उपग्रही उपकरण) आणि इयासी या दोन्हींच्या मोजणीवर मोठ्या स्रोतांजवळ काम झालं, त्यात सरासरी निघाली अडीच तासांच्या आतबाहेर. १२ च्या जागी अडीच घातले की उत्सर्जन जवळपास पाचपट होतं. तोच नकाशा, तोच ठिपका. त्यामुळे कुणी टनांत उत्तर दिलं की मी आधी विचारते, "तास किती धरलेत?"

क्रिसचं नाव निघालंच आहे तर तुलना. क्रिस हे अमेरिकी उपकरण, सुओमी एनपीपी उपग्रहावर २०११ पासून, मग नोआ-२० आणि नोआ-२१ वर. ते दुपारी दीडच्या सुमारास जातं. जमीन तापलेली, फरक भरपूर, शिवाय अमोनिया उडण्याची वेळही तीच. एकेका दिवसाच्या मोजणीसाठी मला क्रिस जास्त आवडतं, हे मान्य करते. पण ते सुरूच २०११ नंतर झालं. एअर्स २००२ पासून आहे, त्याची माळ सगळ्यांत लांब, मात्र मला फिक्या प्रदेशांत ते तितकं कामाला आलं नाही. टीईएस या उपकरणानं २००८ मध्ये अवकाशातून खालच्या हवेतला अमोनिया दिसतो हे पहिल्यांदा दाखवलं, त्याचा मान मोठा, पण त्याचे पिक्सेल विरळ ठिपक्यांसारखे, नकाशाच्या कामाचे नाहीत. दशकाचा कल हवा तर आजही मी इयासीच घेते, आणि क्रिसवर ताडून बघते. सकाळ आणि दुपार अशा दोन वेगळ्या वेळांना कल एकाच दिशेला असेल तर रात्री झोप लागते.

जुनी एक तक्रार मिटली हेही नोंदवते. आधीच्या आवृत्त्यांत इयासी आकडा द्यायचं, पण तो आकडा हवेच्या कोणत्या थरातून किती आला हे सांगायचं नाही. मॉडेलशी ताडून बघणाऱ्याला त्याची गरज असते, आणि क्रिसवाले ते पहिल्यापासून देत होते. २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत इयासीनंही ते दिलं. त्याच आवृत्तीत ए, बी, सी एकमेकांशी जास्त जुळले. माझ्याकडचे जुने आलेख पुन्हा काढावे लागले, दोन आठवडे गेले. बहुतेक ठिकाणी कलाची दिशा तीच राहिली, उंची बदलली. आवृत्ती न लिहिता आलेख छापणाऱ्यांवर तेव्हापासून माझा विश्वास उडालाय.

अजून राहिलेली तक्रार: मेटॉप-एची कक्षा शेवटच्या काही वर्षांत सावरणं थांबवलं होतं, त्यामुळे त्याची जाण्याची वेळ साडेनऊवरून हळूहळू सरकली. वेळ सरकली की जमिनीचं तापमान सरकतं, आणि मग पुन्हा तोच खेळ. ती वर्षं मी 'बी'वरच चालवते. हे पहिल्या पानावर, ठळक अक्षरात सांगितलं असतं तर माझा एक अख्खा महिना वाचला असता. मदतपुस्तिका एकूणच अशा माणसानं लिहिलेली वाटते ज्याला सगळं आधीच माहीत आहे. फाइली नेटसीडीएफ या शास्त्रीय आकड्यांच्या साच्यात, रोजच्या वेगळ्या, पंधरा वर्षांच्या साडेपाच हजारांच्या घरात. एकके आवृत्तीगणिक बदलली: आधी चौरस सेंटीमीटरमधले रेणू, मग चौरस मीटरमधले मोल. ज्यानं न बघता जोडले त्याचा आलेख मध्येच जमीनदोस्त होतो. माझा झाला.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा पुस्तिकेचा कापला.

कुणी घ्यावं? ज्याला वर्षांचा, प्रदेशाचा प्रश्न आहे त्यानं. ज्याला कालचा आणि कुंपणाचा प्रश्न आहे त्यानं आम्लाची बाटली आणि पंप घ्यावा. तो अजूनही उत्तम चालतो, मी माझा विकलेला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुढच्या पिढीचं इयासी-एनजी घेऊन नवा मेटॉप वर गेला. त्याआधी जुलैमध्ये एमटीजी-एस१ हा युरोपीय हवामान उपग्रह गेला, तो भूस्थिर कक्षेतून युरोपवर अर्ध्या अर्ध्या तासानं बघणार. म्हणजे सकाळी साडेनऊचं रडगाणं निदान एका खंडापुरतं तरी संपेल. नव्या उपकरणाच्या अमोनियाच्या फाइली आल्या की मी सगळ्यांत आधी जुन्या-नव्याचा एकत्र चाललेला काळ काढणार आहे आणि वाळवंटावरची सरासरी बघणार आहे. त्या मुलाला निरोप धाडलाय. त्याचं उत्तर आलं: "ताई, उणे आकडे ठेवू ना?"